सोमवारचं निर्माल्य

ससा कोपऱ्यात जाऊन बसला तेव्हा कुठं नागुबाईवर यादी वाचायची वेळ आली. तहान लागल्यावर विहीर खोदणारी माणसं असतात. आपण त्यातल्या नव्हे, असं नागुबाईचं स्वतःबद्दल पक्कं मत होतं. त्या सोमवारी ते मत फ्रीजच्या दारापाशीच गळून पडलं.

यादी तिथं कित्येक महिन्यांपासून चिकटवलेली होती. सून त्रिवेणी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, त्यामुळे अक्षर मोत्याचं आणि सवय फळ्यावरची. मधोमध उभी रेघ. डावीकडं 'चालतं': हरळी, लसूणघास, कोथिंबीर, मुळ्याचा पाला, पुदिना, तुळस, गुलाबाच्या आणि जास्वंदीच्या पाकळ्या. उजवीकडं 'चालत नाही'. नागुबाईनं हा कागद आजवर एकदाही वाचला नव्हता. जिचं अख्खं बालपण शेताच्या बांधावर गेलं, तिला पाल्याचं ज्ञान कालच्या पोरीनं द्यावं? पाला म्हणजे पाला. शेळी खाते, म्हैस खाते, सशाला काय सोन्याचे दात आहेत?

आज तिनं चष्मा शोधला, तो डोक्यावरच सापडला, आणि उजवीकडच्या ओळीवरून बोट फिरवत खाली आली. कांदा. लसूण. बटाट्याचा पाला, टोमॅटोचा पाला. एरंड, रुई, घाणेरी, धोतरा. आणि सगळ्यात शेवटी, खाली दोन रेघा मारून: कण्हेर. फूल, पान, काडी, काहीच नाही. विष.

नागुबाईचा हात आपोआप गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर गेला. कारण तासाभरापूर्वी तिनंच सशाच्या पिंजऱ्यात सोमवारच्या पूजेचं निर्माल्य टाकलं होतं, आणि त्यात परसातली पांढरी कण्हेर होती.

आता हे निर्माल्य सशाच्या पिंजऱ्यात कसं पोचलं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. नागुबाई रोज सकाळी अंघोळ करून कपाळाला भस्म लावायची, इष्टलिंग तळहातावर घ्यायची, बेल वाहायची. सोमवारी पूजा मोठी, फुलं भरपूर. पण वाहिलेली फुलं पायाखाली येता कामा नयेत. पूर्वी ती गल्लीतल्या विहिरीत सोडत. विहिरीवर नगरपालिकेनं जाळी टाकली. मग उरली घंटागाडी. देवाच्या अंगावरची फुलं, आणि ती लोकांच्या खरकट्यात, लहान पोरांच्या लंगोटात? ते नागुबाईच्या जिवाला सोसणारं नव्हतं. महाशिवरात्रीनंतरच्या एका सोमवारी पिंजऱ्यातून सुटलेला ससा टुणटुण उड्या मारत आला, निर्माल्याच्या परडीत तोंड घातलं आणि गुलाबाची पाकळी कुरुकुरु खाऊन टाकली. नागुबाई बघत राहिली. शाकाहारी जीव, मुकं तोंड, देवाचं देवाघरच्या जिवाच्या पोटात गेलं. याहून चांगली जागा कुठली?

तेव्हापासून दर सोमवारी, त्रिवेणी शाळेला गेली की, परडी पिंजऱ्यात रिकामी व्हायची. चोरून. चोरून का, तर ससा घरात आला त्या दिवशी नागुबाईनंच त्याला 'उंदराचा थोरला भाऊ' म्हणून नाक मुरडलं होतं. त्याच उंदराच्या भावाला आता मांडीवर घेते हे सुनेला कळलं असतं तर सासूपणाचं काय उरलं असतं!

ससा पांढराफेक, नाव कापश्या. तो त्रिवेणीच्या आईचा. आई पूर्णेला राहायची, एकटीच. गेल्या मार्गशीर्षात ती गेली. भावांनी कपाट घेतलं, शिलाई मशीन घेतली, भांडी वाटून घेतली. ससा कुणालाच नको होता. त्रिवेणी त्याला बिस्किटाच्या खोक्यात घालून मानवतला घेऊन आली. नागुबाईनं नको म्हटलं नाही, पण ये बाळा असंही म्हटलं नाही. "आपल्यात सुतक न्हाई. अंगावर लिंग असलं की सुतक नसतंय. उद्यापासून शाळंत जा," एवढंच म्हणाली. ते चुकीचं नव्हतं, रीतच ती. त्रिवेणी दुसऱ्या दिवशी खरंच शाळेत गेली. घरात त्या विषयावर पुन्हा कुणी बोललं नाही, आणि आईचं म्हणून त्रिवेणीकडं जे काही जिवंत राहिलं होतं ते या पिंजऱ्यात.

आणि आज ते पिंजऱ्याच्या कोपऱ्यात गोळा होऊन बसलं होतं.

नागुबाईनं कोथिंबिरीची काडी नाकाशी नेली. एरवी याच काडीसाठी तो तिचा पदर ओढायचा. आज त्यानं मानही फिरवली नाही. हनुवटीखालची लव ओली झालेली. दात करकर वाजवत होता. हात लावला तर कान गार. पिंजऱ्यात बेलाचे देठ पडले होते, गुलाबाची एक पाकळी, आणि कण्हेरीची अर्धवट कुरतडलेली काडी, तिला एकच पान शिल्लक.

"आता गं बया," नागुबाई म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. मग अंगणात गेली, परत आली, पाण्याची वाटी त्याच्या तोंडाशी धरली, ती सांडली, पुन्हा अंगणात गेली. मुलगा शिवकांत सरकीच्या कामानं अकोल्याला गेलेला. त्रिवेणी सकाळी सातच्या बसनं परभणीला, दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला. जाताना पहिल्यांदाच म्हणाली होती, "आत्याबाई, कापश्याकडं तेवढं बघाल का?" हे 'बघाल का' नागुबाईला सुनेच्या लग्नानंतरच्या दोन वर्षांत प्रथमच ऐकायला मिळालं होतं. बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याच्या भरातच तिनं आज परडीत दोन फुलं जास्तीची घातली होती.

यादीच्या तळाशी लिहिलं होतं: काही झालं तर डॉ. राजेश्री, परभणी. खाली दवाखान्याचा पत्ता आणि नंबर.

नागुबाईचा बेत एका दमात ठरला. परभणीला जायचं, औषध द्यायचं, संध्याकाळपर्यंत परत. त्रिवेणीला कळायचं कारणच नाही. भाजीची वेताची टोपली रिकामी केली, खाली जुनं लुगडं अंथरलं, ससा त्यात ठेवला, वरून दुसरं लुगडं बांधलं. कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि गॅस बंद केला का हे बघायला परत आली. बंद होता. कुलूप लावून पुन्हा निघाली.

बस तुडुंब. कंडक्टरनं टोपलीकडं बघितलं. "मावशी, कोंबडी हाय का काय आत?"

"कोंबडी!" नागुबाई कडाडली. "भस्म दिसंना का कपाळावरचं? आमच्या हातात कोंबडी?"

"मग काय हाय?"

"पावनं हाय," ती म्हणाली आणि टोपली मांडीवर घट्ट धरून बसली.

बस सुटली आणि नागुबाईचा जीव टांगणीला लागला. रस्ता तोच, दोन्ही अंगांना कापूस गुडघ्याएवढा झालेला, सोयाबीन हिरवंगार. पण आज बस प्रत्येक फाट्यावर थांबत होती, आणि प्रत्येक फाट्यावर चढणाऱ्या माणसाकडं मोठी नोट होती. नागुबाई लुगड्याची कड उचलून बघायची, झाकायची, पुन्हा उचलायची. बोट आत घालून पोट वरखाली होतंय का ते तपासायची. कधी होतंय असं वाटायचं, कधी बसच्या हादऱ्यानं तसं भासतंय असं वाटायचं. बोटं डबीवरून टोपलीवर, टोपलीवरून डबीवर.

मनात एकच घोळत होतं. कण्हेरीची मुळी विषारी, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण फूल? जे महादेवाला चालतं, ज्याला तळहातावर देवाजवळ बसवतो, त्यात विष कसं असेल? आणि इतके सोमवार खाल्लं की यानं! ढेकर दिला नाही. देवानं इतके दिवस राखलं, मग आजच काय झालं? माझ्या हातून काही चुकलं का पूजेत? मंत्र गाळला? कानात कापसाचे बोळे घातल्यासारखी ती स्वतःचेच प्रश्न ऐकत राहिली, बाहेरचं काही ऐकू येईना.

म्हणूनच फोन वाजला तो तिसऱ्या घंटीला कळला. त्रिवेणी. जेवणाची सुटी झाली असणार.

"आत्याबाई, जेवलात का?"

"जेवले की."

"अन् कापश्या? खाल्लं का त्यानं?"

"लय खाल्लं," नागुबाई म्हणाली, आणि जीभ चावली. तेवढ्यात ड्रायव्हरनं म्हशींच्या कळपाला बाजूला करायला लांबलचक हॉर्न दिला.

"तुमी कुठं हायत?"

"घरीच! रस्त्यानं गाडी चाललीय. ठेव बाई, दूध उतू जायलंय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. फोन ठेवल्यावर शेजारची बाई आपल्याकडं बघून हसतेय असं नागुबाईला उगाच वाटलं. ती बाई झोपली होती.

परभणीच्या स्टँडवरून रिक्षा केली. रिक्षावाल्याचं नाव बन्सीधर, आणि त्याला ते सांगायची, शिवाय रस्त्यातला प्रत्येक खड्डा कुणाच्या काळातला हेही सांगायची हौस. नागुबाई म्हणाली, "बाबा, तोंड कमी चालव अन् गाडी जास्त चालव." त्यानं दोन्ही जास्त चालवलं.

दवाखाना म्हणजे वसमत रोडच्या आतल्या गल्लीत घराच्या खालच्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेर बाकावर एक शेतकरी कालवडीचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन बसलेला, एक बाई मांडीवर पिशवीएवढं कुत्रं घेऊन. डॉक्टरीण तिशीतली, हातमोजे घातलेली, बोलणं थोडक्यात. टोपलीवरचं लुगडं सोडून बघताच म्हणाली, "हा तर त्रिवेणी मॅडमचा कापश्या. काय झालं?"

नागुबाईनं टोपली स्वतःकडं ओढली. ही ओळखते! "खाईना झालाय."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"काय खाल्लं होतं?"

आता बघा. प्रश्न सरळ होता आणि उत्तर नागुबाईच्या ओठावर होतं. पण ओठ आणि दात आपलेच असले तरी काही शब्द मध्येच अडकतात. "घासच," ती म्हणाली. "रोजचाच."

डॉक्टरणीनं सशाला टेबलावर घेतलं, पोट दाबून बघितलं, छातीला नळी लावली. कपाळावर आठी पडली. "घाबरलेल्या सशाचे ठोके पळत असतात. याचे मंद आहेत. अंग गार पडलंय, त्यामुळं असेल." गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवली. "पोटात वायू धरलेला दिसतोय. मॅडम परभणीतच आहेत ना आज? सकाळी मेसेज आला होता त्यांचा. बोलावून घेते."

"तिला कशाला! तिचं ट्रेनिंग हाय," नागुबाई उभी राहिली. पण डॉक्टरणीनं फोन लावलाही होता.

वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत नागुबाई बाकावर बसली नाही. दारात गेली, आत आली, शेतकऱ्याच्या कालवडीचे फोटो त्यानं न विचारता दाखवले ते न बघताच "बरं हाय" म्हणाली. काय सांगायचं ते जुळवत होती. पिंजऱ्यात कुठूनतरी उडून आलं. शेजारच्या पोरानं टाकलं. शेजारी पोरगंच नव्हतं. प्रत्येक बनाव दोन पावलं चालायचा आणि तोंडावर पडायचा.

त्रिवेणी आली ती पळतच. गळ्यात प्रशिक्षणाचं ओळखपत्र लोंबत होतं. तिनं सासूकडं बघितलं नाही, टेबलाकडं गेली, सशाच्या दोन कानांच्या मधे ओठ टेकले. मग डॉक्टरणीकडं वळून एकदम म्हणाली, "माझंच चुकलं."

नागुबाईनं कान टवकारले.

"पहाटे घाई झाली. हरळी धुतलेली नव्हती, म्हणून कोबीची चार पानं टाकली पिंजऱ्यात. ओली. मला ठाऊक व्हतं त्यानं वायू धरतो म्हणून. मीच यादी लिहिली, अन् मीच..." तिनं सशाचे गार कान मुठीत धरले. "आईनं चार वर्षं सांभाळला. बाजारातून भाजीची पेंडी आणली की पहिली काडी याची, मग तिची. अन् मला एक वर्ष पण न्हाई जमलं."

"कोबीनं होऊ शकतं," डॉक्टरीण म्हणाली. "बरोबर जुळतंय. रडू नका. वायूचं औषध देते, पोट हलायचं इंजेक्शन देते. घरी न्या, ऊब द्या, तासातासानं सिरिंजनं पाणी पाजा. सकाळी फोन करा."

झालं. मोकळी झाली नागुबाई. कुणी तिच्याकडं बोट दाखवलं नव्हतं. उलट ती टोपली घेऊन धावत आलेली मायाळू सासू ठरली होती. डॉक्टरीण तर म्हणालीही, "बरं केलं आजी, लगेच आणलंत." कोबीच्या चार पानांनी तिचं सगळं पाप झाकून टाकलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात नागुबाईचा हातखंडा होता.

त्रिवेणीनं टोपली उचलली. दोघी पायऱ्या उतरल्या. बन्सीधर समोरच रिक्षा लावून उभा होता, त्याला परतीचं भाडं हवं होतं. त्रिवेणी डोळे पुसायचीही थांबली होती. पाणी नुसतं गालावरून वाहत होतं आणि टोपलीवरच्या लुगड्यावर पडत होतं. तिच्या तोंडावर जे होतं ते नागुबाईनं एकदा पूर्वी बघितलं होतं, मार्गशीर्षात, पूर्णेहून आली त्या संध्याकाळी. तेव्हा नागुबाईनं नजर फिरवून चूल पेटवली होती.

घरी नेला तर हा रात्रीत मरणार. वायूच्या औषधानं कण्हेर उतरत नाही, हे कळायला डॉक्टरकी शिकावी लागत नाही. आणि मेला की ही पोरगी जन्मभर कोबीची चार पानं उराशी घेऊन बसणार.

"थांब," नागुबाई म्हणाली.

"काय राहिलं का आत्याबाई?"

"राहिलं." नागुबाई परत पायऱ्या चढली. गुडघे कुरकुरले. आत जाऊन कुत्रेवाल्या बाईशेजारी, शेतकऱ्यासमोर, सगळ्यांदेखत उभी राहिली आणि एका श्वासात बोलून टाकलं, कारण दुसरा श्वास घेतला असता तर धीर सुटला असता. "डॉक्टरीणबाई, कोबी न्हाई. त्यानं कण्हेर खाल्ली. मी दिली. पूजेचं निर्माल्य मी टाकलं त्याच्याम्होरं. दोन-तीन फुलं गेली पोटात, अन् काडीवरची पानं बी. मगाशी मी खोटं बोलले."

डॉक्टरीण उठली. टोपली मागोमाग आलेल्या त्रिवेणीच्या हातून घेतली आणि सशाला पुन्हा टेबलावर ठेवलं. या खेपेला नळी बराच वेळ छातीवर धरली, घड्याळाकडं बघत.

"ठोका चुकतोय," ती म्हणाली. "घरी नेलं असतं तर सकाळी फोन करायची गरज पडली नसती. सशाला उलटी होत नाही आजी. माणसाला, कुत्र्याला ओकारी काढून वाचवता येतं; याच्या पोटात गेलं ते गेलं. धोतरा असता तर एखादवेळी सोसला असता यानं, काही सशांना सोसतो. कण्हेर थेट काळजावर जाते."

"पण इतके सोमवार खाल्लं की," नागुबाई काकुळतीला आली. "दर सोमवारी देते मी. कायच झालं न्हाई. अन् महादेवाला..."

"महादेवाला हलाहलही पचलं होतं," डॉक्टरीण म्हणाली. चिडून नव्हे, तिचे हात चालूच होते. विष शोषणारी कोळशाची काळी पूड पाण्यात कालवून तिनं सिरिंजमध्ये भरली, सशाच्या गालाच्या कडेनं थेंबथेंब सोडू लागली. "इथंच ठेवते. संध्याकाळपर्यंत काय ते कळेल. तुम्ही बाहेर बसा."

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. मधे एका माणसाची जागा सोडून.

त्रिवेणी दाराकडं बघत होती. नागुबाईला वाटत होतं ही ओरडेल, रडेल, माहेरच्या भाषेत चार शब्द सुनावेल; सुनावलं असतं तर बरं झालं असतं. गप्प सुनेचं काय करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती उठली, बसली. आतून कुत्रं केकाटलं तर उठली, ते थांबलं तर बसली. रस्त्यावरून शाळा सुटलेली पोरं गेली. चहावाला आला, दोन कप ठेवून गेला; चहावर साय धरली तरी कुणी हात लावला नाही.

"मला ठाऊक व्हतं," त्रिवेणी एकदम म्हणाली.

"काय?"

"तुमी सोमवारी त्याला निर्माल्य देता ते."

नागुबाई बाकावर तिच्याकडं वळली.

"शिवरात्रीनंतरच्या दुसऱ्याच सोमवारी कळलं. पिंजऱ्यात बेलाचे देठ दिसले. मग मी..." त्रिवेणी ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "तुमी पूजा करून परडी ठेवता अन् च्या प्यायला आत जाता ना, तवा मी वेचून घेत व्हते. कण्हेर, धोतरा, सगळं. पिशवीत घालून शाळंत न्यायची अन् तिथल्या वडाखाली ठेवायची, पायाखाली येऊ नाही म्हणून. गुलाब, जास्वंद, बेल तेवढं परडीत वर पसरून ठेवायची, तुमाला कळू नाही म्हनून. दर सोमवारी. आज सातची बस व्हती. तुमची पूजा व्हायच्या आधी निघाले मी. अख्ख्या ट्रेनिंगमधे मला तेच सुचत व्हतं. म्हनून तर फोन केला. तुमी म्हनलात लय खाल्लं, अन् मग डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, आजी म्हनतेत नुसता घासच खाल्ला; तवा मला वाटलं आज निर्माल्य दिलंच न्हाई तुमी, कोबीनंच झालं."

म्हणजे इतके सोमवार राखलं ते देवानं नव्हे. नागुबाईला हे समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा पहिल्यांदा आला तो राग.

"अन् एका शब्दानं बोलली न्हाईस? माझ्यामागं वेचत बसायचीस, चोरावानी! मी काय वाघ हाय का खायाला? 'आत्याबाई, कण्हेर टाकू नका', इतकंच म्हनायचं व्हतं. तोंड शिवलं व्हतं का तुझं?"

"न्हाई बोलले," त्रिवेणी म्हणाली.

"काऊन पर?"

त्रिवेणीनं मान वर केली नाही. "बोलले असते तर तुमी ते सोडून दिलं असतं. पिंजऱ्याकडं फिरकला नसता परत."

"फिरकले नसते, बरं! मग? ससा तरी सुखरूप राहिला असता!"

"सोमवारी मला शाळंत उशीर व्हतो आत्याबाई. दर सोमवारी. हेडमास्तर विचारतेत, मानवतचं रेल्वे फाटक पडलं व्हतं का मॅडम. फाटक न्हाई पडत. मी चपला हातात घेऊन मागच्या दाराआड उभी असते. तुमाला वाटतं मी गेले." आता तिला थांबवलं असतं तरी ती थांबली नसती. "तुमी पिंजरा उघडता, त्याला मांडीवर घेता अन् त्याच्यासंग बोलता. 'तुझी माय गेली रे,' म्हनता. 'लय चांगली बाई व्हती. तुला पोरका करून गेली. आता आमीच हाव तुला, भिऊ नको,' म्हनता. ते ऐकून मग मी शाळंत जाते. मला कुणी म्हनलंच न्हाई ना तसं. त्याला तरी म्हनत व्हता. ते बंद पडू नाही म्हनून न्हाई बोलले."

नागुबाईचा राग जागच्या जागी बसला. आपलं ते बोलणं तिला आठवलं, एकेक सोमवारचं, सशाच्या कानाशी लागून केलेलं. ते तिनं कुणाला उद्देशून केलं होतं, हे तिचं तिलाही कधी स्वतःला विचारावंसं वाटलं नव्हतं. कारण उत्तर माहीत होतं. ज्या पोरीला म्हणायचं ती रोज समोर ताट घेऊन बसायची, आणि नागुबाई तिला म्हणायची, मीठ दे.

साडेपाच वाजले. सहा वाजले. कालवडीवाला औषध घेऊन गेला. दोघींमधली एका माणसाची जागा तशीच होती, आणि नागुबाई त्या जागेकडं बघायची, मग दाराकडं.

सहा वाजून गेल्यावर दार उघडलं. डॉक्टरीण दारात उभी होती, हातमोजा तसाच, आणि तळहातावर काहीतरी धरलेलं. "या, बघा," ती म्हणाली. चार लेंड्या होत्या, वाटाण्यापेक्षा बारीक, काळ्याशार. "मघाशी टाकल्या. ठोका बराचसा जागेवर आलाय. कोथिंबिरीचं एक पान खाल्लं आत्ता. आज रात्री इथंच राहू दे, पण मला वाटतंय, निभावला."

लेंड्या बघून हात जोडायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. नागुबाईनं जोडले.

ती आत गेली. कापश्या टॉवेलवर बसला होता, बाटलीला टेकून. डोळे जड, पण उघडे. नाक हलत होतं. नागुबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, खाली वाकली, कानाशी तोंड नेलं. सवयीनं ओठ हललेही. मग तिच्या लक्षात आलं की मागं कुणाचा पाय वाजला नाही. वळून बघितलं. त्रिवेणी आत आली नव्हती. दाराच्या आड उभी होती, अर्धी दिसत, अर्धी न दिसत, श्वास रोखून.

नागुबाई सरळ झाली. सशावरचा हात काढला.

"आत ये," ती म्हणाली. "दाराआड नको उभी राहू."

त्रिवेणी दोन पावलं आत आली.

नागुबाईला वाटलं होतं तेवढं ते सोपं नव्हतं. सशाला सांगताना शब्द आपोआप यायचे. आता एकेक शब्द ओढून काढावा लागत होता, आणि ती त्या पोरीच्या तोंडाकडं बघत होती, नजर न फिरवता.

"त्रिवेणी," ती म्हणाली, "तुझी माय गेली गं बाई."

मार्गशीर्षापासून तिला कुणीही न म्हटलेलं ते वाक्य ऐकलं आणि त्रिवेणी दारातच खाली बसली. नागुबाईही तिच्याजवळ खाली बसली, फरशीवर, कुरकुरत्या गुडघ्यांनिशी, आणि तिचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं.